गच्चीवरची टिटवी, रिकामी पेटी आणि न शिवणारा कावळा
(पाखरांविषयी वाचकांचे प्रश्न)

उन्हाळा सुरू झाला की पत्रांत घरटी, अंडी आणि पिल्लंच जास्त असतात. या वेळीही तसंच आहे. सारखेच प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत, फक्त गावं दिली आहेत.

दोन वर्षं झाली, चिमणीसाठी आणलेली पेटी रिकामीच आहे. आत गवत घातलंय, समोर दाणे ठेवतो. चिमण्या दाणे खातात आणि जातात. पेटीचा फोटो सोबत जोडला आहे. (पिंपरी)

फोटो पाठवलात ते बरं झालं. निम्मं उत्तर त्यातच आहे. पेटीचं भोक दोन इंचांचं दिसतंय. चिमणीला सव्वा इंच, म्हणजे ३२ मिलिमीटर, पुरतं. त्याहून मोठं ठेवलं की साळुंकी डोकावू लागते आणि चिमणी तिथून कायमची उठते. भोकाखाली बसायला जी दांडी लावली आहे ती चिमणीला लागतच नाही. कावळ्याला आणि मांजराला मात्र तिचा टेकू मिळतो. आजच उपटून टाका.

तिसरी चूक दोरीची. वाऱ्यावर झोके घेणारी पेटी शोभेला ठीक, घरट्याला नाही. ती भिंतीला दोन स्क्रूंनी घट्ट बसवा, जमिनीपासून आठ-दहा फुटांवर, सज्जाच्या आडोशाला. तोंड पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे ठेवा. आपल्याकडे पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते आणि एप्रिलचं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर संध्याकाळपर्यंत असतं. पश्चिमेला तोंड केलेल्या पेटीत पिल्लं आधी भाजतात, मग भिजतात. पेटी खोलीत किंवा व्हरांड्यात असेल आणि वर पंखा फिरत असेल तर तिथे ती लावूच नका.

नवी करून घ्यायची असेल तर सुताराला ही मापं द्या. आतला तळ १२ × १२ ते १५ × १५ सेंटिमीटर, उंची २० ते २२, भोक तळापासून १३ ते १५ सेंटिमीटर वर. भोक खाली घेतलं तर पिल्लं वेळेआधी बाहेर कलंडतात आणि बाहेरचा पंजाही आत पोचतो. लाकूड १८ मिलिमीटर जाडीचं घ्या. पातळ प्लाय तापतो, एमडीएफ फुगतो आणि पुठ्ठ्याचा पहिल्याच पावसात लगदा होतो. आतून रंग, वॉर्निश किंवा सनमायका नको, कारण बाहेर पडताना पिल्लांना नखं रोवायला खडबडीत लाकूड लागतं. तळाला पाच मिलिमीटरची चार भोकं पाडा, छप्पर पुढे दोन इंच काढा आणि एक फळी स्क्रू काढून उघडेल अशी ठेवा. पेटी वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, हातमोजे घालून रिकामी करावी लागते.

आतलं गवत काढून टाका. जागा नर हेरतो. तोंडाशी बसून तो दिवसभर चिवचिवतो आणि काड्याही आणू लागतो. गोष्टीतल्या चिऊताईचं घर मेणाचं असलं तरी खरीखुरी चिऊताई वाळकं गवत, पिसं, चिंध्या, दोरे असं हाताला लागेल ते कोंबते. म्हणूनच बाल्कनीत नायलॉनचे धागे आणि विंचरलेल्या केसांची गुंतवळं टाकू नका. पिल्लाच्या पायात ती अडकली की पाय जातो.

दाण्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. दाणे मोठ्या चिमणीला चालतात, पण पिल्लांना पहिले काही दिवस अळ्या आणि किडे भरवावे लागतात. सोसायटीच्या बागेत दर पंधरवड्याला फवारणी होत असेल तर चिमणी दाणे खाऊन जाईल आणि घरटं दुसरीकडे करील. तुमच्याकडे बहुधा हेच होतंय. दोन-चार कुंड्या फवारणीशिवाय राहू द्या आणि एखादं दाट झुडूप वाढवा. मेंदी किंवा बोगनवेल चालेल.

पेटी नोव्हेंबर ते जानेवारीत लावलेली बरी, कारण फेब्रुवारीपासून जागेची शोधाशोध सुरू होते. चिमण्यांना शेजार आवडतो, म्हणून एकाऐवजी दोन-तीन पेट्या हातभर अंतरावर लावा. एकदा अंडी घातली की उबवायला ११ ते १४ दिवस आणि पिल्लं उडायला आणखी दोन आठवडे लागतात. या महिनाभरात पेटी उघडून बघायची नाही.

घराच्या गच्चीवर टिटवीने चार अंडी घातली आहेत. पाण्याची टाकी साफ करायला वर गेलं की दोघं डोक्यावर झेपावतात. आई म्हणते, टिटवीने उंचावर अंडी घातली म्हणजे यंदा पाऊस जोरात. अंडी अलगद उचलून मागच्या शेतात ठेवली तर चालतील का? (बारामती)

नाही. शेतात ठेवलेली अंडी टिटवीच्या लेखी तिची अंडी नसतात. ती गच्चीवरच्या जागेवर येऊन बसेल आणि शेतातली अंडी तासाभरात कावळा किंवा मुंगूस नेईल. शिवाय रानपाखराची अंडी हलवणं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतं.

टिटवीला घरटं म्हणून लागतो तो उघडा, सपाट, खडे पसरलेला तुकडा. चारी बाजूंनी येणारा दिसला पाहिजे, बस्स. नव्या गच्चीवर वाळू-खडी पडलेली असते, कुत्रं नसतं, नांगर नसतो. तिच्या दृष्टीने तो माळच, फक्त वीस फूट उचललेला. आईंच्या अंदाजाप्रमाणे पाऊस आला तर आनंदच आहे, पण टिटवीने हिशेब पावसाचा नाही, कुत्र्यांचा केलेला असतो.

आता कामाचं. अंडी दिसली ती तारीख कॅलेंडरवर लिहा. चारही अंडी घालून झाल्यापासून २८ ते ३० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. नर-मादी दोघंही आळीपाळीने बसतात. दुपारी बारा ते चार हे तास सगळ्यात नाजूक. कोबा हात भाजेल इतका तापलेला असतो आणि त्या वेळी पाखरू उब देत नसतं, अंगाची सावली देत असतं. त्यातलं एक मध्येच उडून जातं आणि पोटाची पिसं ओली करून येतं. ते पुन्हा अंड्यांवर बसतं तेव्हा खालचे खडे ओले झालेले दुर्बिणीतून दिसतात. म्हणून टाकी सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर धुवा आणि पंधरा मिनिटांत खाली या. दुपारी दहा मिनिटं जरी पाखराला उठवलं तरी अंडी शिजू शकतात. अंड्यांवर छत्री, पत्रा, साडीचा आडोसा असलं काही करू नका. फडफडणाऱ्या वस्तूने टिटवी घरटं सोडते. करायचंच असेल तर पंधरा-वीस फुटांवर एक पसरट परात पाण्याने भरून ठेवा.

डोक्यावरची झेप ही बहुतेक धमकीच असते. टोपी घाला आणि सरळ चालत राहा. हात हलवलात, काठी फिरवलीत की ती आणखी खाली येते.

खरी अडचण अंडी फुटल्यावर येते आणि ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. टिटवीची पिल्लं चिमणीच्या पिल्लांसारखी घरट्यात बसून राहत नाहीत. अंगावर लव घेऊन, डोळे उघडे ठेवूनच ती जन्मतात आणि एका दिवसात चालायला लागतात. आई-बाप त्यांना चोचीने भरवत नाहीत. किडे त्यांनी स्वतः टिपायचे असतात आणि कोऱ्या गच्चीवर किडे नसतात. तीन फुटांचा कठडा त्यांना ओलांडता येत नाही आणि पावसाच्या पाण्याच्या पाइपात ती घसरून अडकतात. म्हणून विसाव्या-बाविसाव्या दिवशीच पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बसवा.

घर बसकं असेल आणि कठडा नसेल तर आई-बाप खालून ओरडतात आणि पिल्लं उड्या टाकतात. वजन नगण्य असल्याने त्यांना फारसं लागत नाही. कठडा असेल तर आधी वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर बोलून घ्या. ते बहुधा हेच सांगतील: सगळी पिल्लं बाहेर येऊन अंगं सुकली की खोक्यात घालून ताबडतोब खाली आणा, रस्त्यापासून दूर, गच्चीवरून दिसेल अशा जवळच्या मोकळ्या जागेत सोडा आणि निदान दीडशे फूट मागे व्हा. आई-बाप पिल्लांच्या आवाजावर खाली येतात. अर्धा तास लागू शकतो. त्या अर्ध्या तासात फोटो काढायला जवळ जाणाऱ्या शेजाऱ्यांना अडवणं हे तुमचं काम.

टिटवी देखील समुद्र आटविते, अशी म्हण आहे. चार अंड्यांसाठी भर उन्हात कोब्यावर ठाण मांडलेली जोडी पाहिली की ती म्हण कुणाला सुचली असेल ते कळतं.

वडिलांच्या दहाव्याला घाटावर तासभर थांबलो, कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून आईला चैन नाही. कावळे असे का वागतात? (वाई)

इच्छा राहिली की नाही, याचं उत्तर कावळ्याच्या वागण्यात शोधता येत नाही. कावळा का आला नाही, याचं मात्र शोधता येतं.

गावकावळा, म्हणजे राखाडी मानेचा, अतिशय संशयी असतो. माणसाजवळ राहतो खरा, पण नवी वस्तू आणि टक लावून बघणारी माणसं त्याला चालत नाहीत. पंचवीस-तीस माणसं पिंडाभोवती अर्धवर्तुळ करून एकटक बघत आहेत, कुणी हात जोडून मोठ्याने काही कबूल करतंय, कुणी मोबाइल उगारलाय. हे दृश्य कावळ्याच्या बाजूने पाहिलं तर तो सापळाच आहे. पहिला कावळा उतरेपर्यंत बाकीचे झाडावरून बघत राहतात. एक उतरला की मग रांग लागते.

दुसरं कारण पोटाचं. गर्दीच्या घाटावर सकाळी आठपासून पिंड मांडले जातात. अकरा वाजता मांडणाऱ्याच्या वाट्याला पोट भरलेले कावळे येतात. मे-जूनमध्ये तर अर्धे कावळे घरट्यावर अडकलेले असतात.

ज्यांच्याकडे हा विधी व्हायचा आहे त्यांच्यासाठी सांगायचं तर शक्य तितक्या लवकर जा, पिंड मोकळ्या दगडावर ठेवा, चमकणारी थर्माकोलची ताटली आणि फडफडणारं प्लॅस्टिक बाजूला करा आणि सगळे निदान पंचवीस फूट मागे होऊन पाठमोरे उभे राहा. कावळा एक घास उचलून लगेच उडाला तर तेही शिवणंच. घास दूर नेऊन लपवायची त्याला सवय असते. आईंना एवढं जरूर सांगा की त्या दिवशी त्याच घाटावर इतरांच्या पिंडालाही कावळा उशिरा शिवला असण्याची शक्यता खूप आहे.

पावशा ओरडला की पेरणीची वेळ झाली असं वडील मानतात. पावशा आणि चातक एकच का? आणि त्याला पाऊस आधी कळतो का? (जालना)

दोन्ही कोकिळेच्या कुळातले, पण वेगळे. पावशा राखाडी, छातीवर पट्टे असलेला, शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखा दिसतो, इतका की लहान पाखरं त्याला शिक्रा समजून पळतात. ‘पेर्ते व्हा’ हे त्याचं ओरडणं. सूर पायरीपायरीने चढत जातो आणि टोकाला जाऊन तुटतो. उत्तरेत याच ओरडण्यात ‘पी कहाँ’ ऐकतात आणि इंग्रजांनी त्यात ‘ब्रेन फीवर’, म्हणजे मेंदूचा ताप, ऐकला. ज्याच्या डोक्यात जे चाललेलं असतं ते त्याला ऐकू येतं. चातक काळापांढरा, डोक्यावर शेंडी असलेला. आपल्याकडे पावसाबरोबर दिसणारे चातक आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतात, मोसमी वाऱ्यांच्या साथीने. त्यामुळे ‘चातक आला, पाऊस आला’ यात तथ्य आहे. फक्त तो पावसाचंच पाणी पितो ही कविकल्पना आहे.

दोघंही अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतात. सातभाईंची घरटी उन्हाळा संपता संपता जोरात येतात, म्हणून पावशाचा कंठ तेव्हा फुटतो. पाऊस लांबला तरी तो ओरडतच राहतो आणि चांदण्या रात्रीही थांबत नाही. तेव्हा त्याच्या सांगण्यावरून बी-खताची तयारी जरूर करा, पण पेरणी पर्जन्यमापक बघून करा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल वीतभर खाली गेल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नये, हा कृषी विभागाचा सल्ला दुबार पेरणीचा खर्च वाचवतो.

जाता जाता कोकिळेचंही सांगून टाकतो, कारण तीन पत्रांत ‘कोकिळा गाते’ असं आलं आहे. गातो तो कोकीळ, नर. काळाकुळकुळीत, डोळे लाल. कोकिळा तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेली, आणि तिच्या गळ्यातून निघतं ते कर्कश ‘किक्-किक्-किक्’. हिवाळ्यात तो कुठे जात नाही, फक्त गप्प बसतो.

आमच्या शाळेतल्या मुलांना घेऊन गावातली पाखरांची नावं गोळा करायची आहेत. पुस्तकातली नावं आणि गावातली नावं जुळत नाहीत. कशी सुरुवात करावी? (आजरा)

जुळत नाहीत म्हणूनच गोळा करायची. पुस्तकी मराठीत एका पक्ष्याला एक नाव असतं. गावात एका पक्ष्याला तीन नावं असतात आणि एका नावाखाली पाच पक्षी. ‘बगळा’ म्हटलं की त्यात छोटा, मोठा, गाय बगळा सगळे आले. भारद्वाजाला कुठे कुक्कुडकोंबा म्हणतात, कुठे कुंभारकावळा. वेडा राघू हा राघू नाही आणि पाणकावळा कावळा नाही. रंग किंवा ठेवण पाहून पडलेली नावं ती.

मुलांना गोडी लावायची तर धंद्यांच्या नावांपासून सुरुवात करा. तांबट झाडाच्या शेंड्यावर बसून ‘टुक टुक टुक’ असा एका लयीत ठोके देतो, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा. जवळून पाहिलं तर चोच मिटलेली असते आणि प्रत्येक ठोक्याला गळा फुगतो. परीट पाणवठ्याच्या दगडावर शेपूट वरखाली आपटत चालतो, धुणं आपटल्यासारखा. शिंपी पानाच्या कडांना भोकं पाडून कापसाने आणि कोळ्याच्या जाळ्याने ती खरोखर शिवतो. कोतवाल आपल्यापेक्षा मोठ्या घारीला आणि कावळ्याला हाकलून लावतो, म्हणून भित्री पाखरं त्याच्या झाडावर घरटं करतात. तलावावरचा वारकरी सगळा काळा आणि कपाळावर पांढरा टिळा. सुगरण मात्र नावाने फसवते, कारण खोपा नर विणतो. मादी अर्धवट झालेला खोपा तपासायला येते. पसंत पडला तर पुढचं विणकाम होतं, नाही तर तो तसाच लोंबकळत राहतो. मुलांना एखाद्या बाभळीवरचे पुरे आणि अर्धे खोपे मोजायला सांगा, नापसंत किती झाले ते लगेच कळेल.

गोळा करायची पद्धत अशी ठेवा. आधी चित्र दाखवू नका. चित्र पुढे केलं की माणूस काहीतरी नाव सांगून मोकळा होतो. ‘या माळावर कोणकोणती पाखरं असतात?’ असं विचारा आणि नाव आलं की ते कसं दिसतं, कुठे बसतं, काय खातं, कसं ओरडतं हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. आवाजाची नक्कल केली तर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, परवानगी विचारून. चित्र सगळ्यात शेवटी, आणि एक नाही, सारख्या दिसणाऱ्या चार-पाच पाखरांची. ‘यातलं कोणतं?’ एवढाच प्रश्न.

एकाच पक्ष्यासाठी निदान दोन माणसांना, एकमेकांच्या माघारी, विचारा. मेंढपाळ, मासे धरणारे, शेत राखणारे आणि सरपणाला जाणाऱ्या बायका यांना सगळ्यात जास्त ठाऊक असतं. सरपंचांना विचारलंत तर पुस्तकी नाव मिळेल. वहीत सहा रकाने पाडा: नाव जसं उच्चारलं तसं, वस्ती, सांगणाऱ्याचं काम आणि अंदाजे वय, वर्णन, त्या पाखराबद्दल मानलं जाणारं काही, आणि शेवटी तुम्ही ठरवलेली ओळख. हा शेवटचा रकाना पेन्सिलने भरा. खोडावा लागतोच.

पाचवा रकाना मोकळा ठेवू नका. दसऱ्याला चास दिसावा, भारद्वाज आडवा गेला तर शुभ, पिंगळा ओरडला तर अशुभ, अंगणात कावळा ओरडला तर पाहुणा, हे सगळं त्यात येऊ द्या. खरं-खोटं करत बसलात तर लोक बोलायचे थांबतील. यादी पुरी झाली की ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात ती शाळेच्या भिंतीवर लावा. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा, म्हणून राज्यात तो आठवडा ठरवला आहे.

पहिली दुर्बीण घ्यायची आहे. दुकानदार १०-३० झूमवाली घ्या म्हणतो. मी चष्मा लावते. मैत्रिणीच्या दुर्बिणीतून बघितलं तर मध्ये छोटा गोल आणि भोवती काळोख दिसतो. (नागपूर)

झूमवाली घेऊ नका. तिचं चित्र अंधुक असतं आणि तीसपट मोठं करताना हाताचा कंपही तीसपट होतो. ८ × ४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बेचाळीसला आठने भागलं तर सव्वापाच येतात. डोळ्याशी पोचणाऱ्या प्रकाशाचा झोत सव्वापाच मिलिमीटर रुंद असतो, म्हणून पहाटे आणि दाट झाडीतही बरं दिसतं. १० × ४२ मध्ये तो चारवर येतो. पाणथळीवर लांबचं बघायचं असेल तर ती ठीक, पण पहिली म्हणून नको. लालभडक चकाकणाऱ्या भिंगांच्या दुर्बिणी स्वस्त मिळतात, त्या टाळा.

काळोखाचं कारण सोपं आहे. डोळ्याकडच्या रबरी वाट्या वर काढलेल्या होत्या. चष्मा असेल तर त्या पूर्ण खाली फिरवायच्या किंवा दुमडायच्या. विकत घेताना माहितीपत्रकावर ‘आय रिलीफ’, म्हणजे डोळा भिंगापासून किती दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १५ मिलिमीटरच्या वर आहे ना, ते बघा.

घेतल्यावर ती स्वतःच्या डोळ्यांना लावून घ्यायची असते आणि हे बरेच जण वर्षानुवर्षं करत नाहीत. दोन नळ्या जवळ-लांब करून दोन गोलांचा एक गोल होऊ द्या. मग पन्नासेक फुटांवरची पाटी निवडा. उजवं भिंग तळहाताने झाका आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला अक्षरं स्वच्छ करा. आता डावं झाका आणि चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवून अक्षरं स्वच्छ करा. ती कडी कुठे थांबली तिथे पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. यापुढे फक्त मधलं चाक. एवढं करूनही दोन-दोन पाखरं दिसत असतील तर दुर्बीण कधीतरी पडलेली आहे आणि आतले लोलक सरकलेत. ती घेऊ नका.

पाखरू सापडत नाही ही दुसरी तक्रार. नजर पाखरावरून काढू नका आणि दुर्बीण डोळ्यांवर आणा. खाली बघून दुर्बीण उचलली की फांदी हरवते.

पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढते आणि कोकणात तर एका मोसमात. कापडी पिशवीत ठेवू नका, तीच ओल धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या नारिंगी दाण्यांच्या पुड्या घालून ठेवा. दाणे हिरवे झाले की मंद आचेवर जुन्या, स्वयंपाकात न वापरायच्या भांड्यात परतून घ्या, रंग परत येतो. भिंग ओढणीने पुसू नका. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, आणि अगदी शेवटी भिंगाचं कापड.

झाडाखाली पिल्लू सापडलं तर काय भरवावं? मांज्यात अडकलेल्या पक्ष्याला पाणी पाजावं का? (नाशिक, सोलापूर, ठाणे)

दोन्हीचं पहिलं उत्तर: काही भरवू नका, काही पाजू नका. चोचीत सोडलेला थेंब श्वासनळीत जातो. दूध-पाव तर पाखरांचं अन्नच नाही.

पिल्लाच्या अंगावर पिसं आहेत, ते उड्या मारतंय, शेपूट आखूड आहे, तर ते हरवलेलं नाही. उडायला शिकतंय. मांजर जवळ असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि निघून जा. आई-बाप तुमच्या जाण्याची वाट बघत असतात. उघडंनागडं, डोळे मिटलेलं असेल तर घरटं शोधून परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकते, हे खरं नाही.

मांज्यात अडकलेल्याचा दोरा ओढू नका. आधी पाखरावर सुती रुमाल टाका, डोकं झाकलं गेलं की धडपड थांबते. मग लटकणारा दोरा दोन्ही बाजूंनी कात्रीने कापा आणि मांसात रुतलेला तसाच राहू द्या. तो पशुवैद्यांनी काढायचा. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठिकाणी ठेवून १९२६ ला फोन करा. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघू नका. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच बंदी घातली आहे. विकणारा दिसला तर पोलिसांत तक्रार करता येते.

दयाळ पक्षी रोज सकाळी गाडीच्या आरशावर चोची मारतो. आरसा घाण होतो ते वेगळंच. (कराड)

आरशात त्याला दुसरा नर दिसतो. विणीचे दिवस आहेत आणि तो हद्द राखतोय. गाडी उभी केली की दोन्ही आरशांवर जुने मोजे चढवा. दोन-तीन आठवड्यांत नाद सुटतो. गाडी हलवून उपयोग नाही, तो दुसऱ्याच्या गाडीवर जाईल.

इथे अंगणात चिमण्या खूप आहेत. भारतात त्या कमी झाल्या म्हणतात, म्हणून त्यांच्यासाठी इथे पेटी लावावी असं मनात आहे. या आपल्याच चिमण्या ना? (न्यू जर्सी)

जात तीच, पण तुमच्या अंगणातल्या चिमण्या मूळच्या अमेरिकेतल्या नव्हेत. १८५१ मध्ये इंग्लंडहून आणून त्या ब्रुकलिनला सोडल्या आणि तिथून त्या खंडभर पसरल्या. आपली साळुंकीही अशीच १८६० च्या दशकात मेलबर्नला नेली गेली आणि आता तिथले लोक तिच्या नावाने बोटं मोडतात. तुमच्याकडे चिमणी ईस्टर्न ब्लूबर्ड या तिथल्या पाखराच्या पेट्या बळकावते, अंडी फोडते, कधी पिल्लंही मारते. त्यामुळे पुण्याला जी पेटी लावा म्हणतो तीच न्यू जर्सीत लावू नका म्हणावं लागतं. हौस असेल तर भोक सव्वा इंचाऐवजी एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, म्हणजे साडेअठ्ठावीस मिलिमीटर, ठेवा. त्यातून चिमणी शिरत नाही, चिकडी आणि हाउस रेन ही तिथली छोटी पाखरं शिरतात. आणि दांडी तिथेही नको.